मळईची पेज

आबा वर्षातून एकदा डोळे बांधून पेज पीत. सुगी सरली, भात घरात आलं की पौषातल्या एखाद्या कोवळ्या दुपारी ते पडवीत मांडी घालून बसत, पटक्याचा शेव स्वतःच्या हाताने डोळ्यांवर आवळून घेत आणि म्हणत, "आणा आता. कोन कुठलं, त्याचं त्यो सांगंल." पवनेकाठच्या आमच्या गावात आबा नावाची माणसे पुष्कळ होती, पण 'पेजेचे आबा' म्हटले की बोट माझ्या सासऱ्यांकडेच वळे.

मी पुण्याच्या एका मास्तरांची मुलगी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा कविता पाठ होत्या, चुलीची धग पाठ नव्हती. आंबेमोहर हा माझ्या लेखी सणासुदीला वाण्याकडून येणारा एक सुवासिक तांदूळ होता, त्याला गाव असते हे ठाऊक नव्हते. या घरात मात्र पौषातल्या त्या दुपारी चहूकडचे सोयरे येत आणि प्रत्येकाच्या उपरण्याच्या गाठीत आपापल्या खाचरातला आंबेमोहर असे. आंदर मावळातला, नाणे मावळातला, मुळशीकडचा, आणि आमच्या मळईतला, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातला. वाण एकच, माती निराळी. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तो वेगवेगळा कांडायचो, वेगवेगळ्या मडक्यांत शिजवायचो आणि काशाच्या सारख्या वाट्यांत त्याची पेज ओतायचो. पाणी मात्र सगळ्या मडक्यांना एकाच विहिरीचे, मळईच्या बांधावरल्या. पेजेत मीठ घालायचे नाही हा आबांचा दंडक. पहिल्या वर्षी सवयीने मी मिठाच्या वाडग्याचे झाकण वाजवले, तेव्हा पट्टीआडूनच ते म्हणाले, "सूनबाई, मीठ नगं. मिठानं समदी गावं सारखीच बोलत्यात."

त्यांची चव घेण्याची रीत देवपूजेसारखी संथ होती. वाटी आधी हनुवटीखाली धरायची, वाफ दाढीतून वर चढू द्यायची. मग एक घोट, तोही गिळायचा नाही, जिभेवर निजवायचा. त्या अवधीत पडवीत कुणी खाकरतही नसे. "ह्यो डोंगराचा," ते म्हणत. "नाकात आधी येतो, त्वांडात मागनं. आंदर मावळ." पुढची वाटी. "हितं पाऊस लई प्यालाय. वास लाजतोय. नाणे मावळ." मुळशीचा घोट घेतला की ओठ किंचित आवळत, कारण त्याच्या शेवटाला त्यांना एक तुरट रेघ लागे. आणि मळईची वाटी हाती आली की ते काहीच न बोलता ती संपवून टाकत. त्यावरूनच ती ओळखायची.

एकदा मी धीर करून विचारले, "आबा, मळईचा वास कसा असतो?" त्यांनी रिकामी वाटी पुन्हा एकदा हुंगली. "मोहोराचा वास तर समद्याच आंबेमोहराला हाय. मळईला मोहोर गळून पडल्यावर खालच्या भुईला येतो, त्यो वास हाय." त्या दिवसापासून मला तो येऊ लागला. थोडा गोड, थोडा ओला, झाडापासून सुटलेल्या गोष्टीचा. कवितेने मला जे शिकवले नव्हते ते त्या वाटीने शिकवले असे मी म्हणणार नाही. पण कविता ज्यासाठी शिकले होते ते त्या वाटीत होते.

खोड्या काढणारे सोयरेही होते. आंदर मावळातले म्हादूमामा, आत्याबाईंचे धाकटे भाऊ, त्यांत पहिले. एका वर्षी त्यांनी गुपचूप आपले तांदूळ आणि मुळशीचे तांदूळ एकाच मडक्यात टाकायला लावले. आबांनी घोट घेतला, कपाळाला आठी घातली, पुन्हा घेतला. "म्हादू, दोन सवती एका खोलीत कशापायी कोंडल्या रं?" पडवी हसून हसून लोळली. म्हादूमामा म्हणाले, "दाजी, तुमी मानूस न्हाई, मांजर हाय!"

आबा चुकत नसत असे मात्र नाही. जो चुकेल त्याने सगळ्यांच्या वाट्या घासायच्या, असा त्या दिवसाचा रिवाज होता. मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी आबांनी नाणे मावळाला मुळशी म्हटले आणि पटका डोक्यावर तसाच ठेवून ते विहिरीवर राख घेऊन वाट्या घासायला बसले. मी लाजून पुढे झाले, तर म्हणाले, "सर बाजूला. हरल्याला हरू द्यावं माणसानं." वाट्या उन्हात पालथ्या घालून ओंजळीने पाणी प्याले आणि सहज बोलून गेले, "पेज निम्मी तांदळाची नि निम्मी पान्याची." आम्ही कुणीच ते मनावर घेतले नाही. पुढे त्यांनीही घेतले नाही.

मग मोजणीची माणसे आली. पिंपरीच्या बाजूने कारखान्यांचे वारे सुटले होते आणि मळई त्या आखणीत सापडली होती. लोखंडी साखळी आमच्या बांधावरून फरफटत गेली तेव्हा तिचा आवाज घरापर्यंत आला. आबांनी त्या माणसांना पडवीत बसवून मळईची पेज दिली. त्यांना वाटले असावे, एकदा चाखली की साखळी आपोआप थांबेल. त्यांतला एक तरुण बिचारा सभ्यपणे म्हणाला, "बाबा, थोडी साखर मिळेल का?" आबांनी मला खूण केली. मी साखर दिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गाव म्हणे, मोबदला मिळेल, पोरांना कारखान्यात शिफ्ट मिळेल. मिळालीही, माझे पतीच पहिल्या भरतीत लागले. पण आबांपुढे प्रश्न एकच होता, आता शेतकरी म्हणून जगायचे की नाही. म्हादूमामांनी वाट काढली. "दाजी, माझं वढ्याकडचं खाचर पडीक हाय. तुमचं बी घेऊन या, तितंच राहा. भात काय, कुटंबी येतं."

आबा म्हणाले, "भात येतं रं. मळई येती का, ते बघू. औंदा माझं बी तुझ्या खाचरात लावू. वाटीत मळई उतरली, तर बैलं घेऊन येतो. न्हाई उतरली, तर बैलं इकून टाकतो."

त्या पावसाळ्यात ते आंदर मावळात जाऊन राहिले. स्वतः रोपे लावली, स्वतः राखण केली. परत आले तेव्हा अंगाला परक्या मातीचा वास होता. पौषातली दुपार आली. कारखान्याचे कुंपण मळईत शिरले होते, विहीर अजून बाहेर होती. पडवीत गर्दी होती, पण खोडी काढायला कुणी धजेना. मी तीन वाट्या ठेवल्या. एकीत म्हादूमामांचे नेहमीचे भात, एकीत त्यांच्याच ओढ्याकाठी पिकलेले आबांचे बी, एकीत नाणे मावळ. आबांच्या बियाची वाटी मी सर्वांत शेवटी ठेवली. कारण वाफेनेच मला सांगितले होते.

आबांनी नाणे मावळ चटकन बाजूला केले. मग उरलेल्या दोन वाट्या. हिचा घोट, तिचा घोट. पुन्हा हिचा. पट्टीखाली त्यांच्या गालाची शीर हलत होती.

"ह्या दोनी आंदर मावळ," ते म्हणाले.

"दाजी, नीट बघा की," म्हादूमामा पुढे सरकून म्हणाले. "त्यातली एक तुमची हाय."

"बी माझं हाय. बोलतंय तुझ्यावानी." त्यांनी पट्टी सोडली. उन्हाने डोळे मिचकावत आम्हा सर्वांकडे पाहिले. "बियाचा काय दोष? जिथं रुजलं तिथलं झालं. चांगलंच केलं त्यानं."

तसे पाहिले तर ते चुकले नव्हते. तरीही उठले, वाट्या गोळा केल्या आणि विहिरीवर घासायला गेले. कुणी अडवले नाही. बैल त्याच महिन्यात विकले गेले.

मळईच्या शेवटच्या सुगीचे थोडे भात तेवढे उरले होते. आबांनी ते लहान कणगीत भरले, कडुनिंबाचा पाला घातला, तोंड शेणमातीने लिंपले आणि आत्याबाईंना सांगितले, "हे माझ्या शेवटाला. जाताना एकडाव मळईवरनं जाऊ द्या मला." त्या कणगीला घरात कुणी हात लावत नसे. मूल तापले तरी नाही, सण आला तरी नाही. दरम्यान मळईवर भिंती उभ्या राहिल्या, विहीर दगडमातीने बुजवली गेली आणि वेशीपाशी कारखान्याने नळ दिला. बायका आनंदल्या, मीही आनंदले. रहाट ओढून हातांना पडलेले घट्टे हळूहळू मऊ होत गेले.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा हिवाळाच होता. एका सकाळी त्यांनी कणगीकडे नुसते पाहिले. आत्याबाईंनी लिंपण फोडले. भात निरोगी होते, एक दाणाही किडला नव्हता. मी कांडले, पाखडले, मंद आचेवर शिजवले, मीठ घातले नाही. काशाची वाटी त्यांच्या हनुवटीखाली धरली. पट्टी बांधायची गरज नव्हती, डोळे मिटलेलेच होते. वाफ वर चढली. त्यांनी घोट जिभेवर निजवला. आम्ही वाट पाहत होतो त्या मौनाची, मळईला ते देत असत त्या मौनाची.

"कुठलं म्हनायचं हे?" त्यांनी विचारले.

"अवो, मळईचं," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचंच. कणगीतलं."

त्यांनी आणखी एक घोट घेतला. फार प्रामाणिकपणे घेतला. मग मान हलवली. "न्हाई गं. मळई अशी न्हवती."

तेव्हा माझी नजर कोपऱ्यातल्या हंड्याकडे गेली. नळाचे स्वच्छ, निर्गंध पाणी त्यात भरलेले होते. आम्ही भात राखले होते, दाणा न् दाणा राखला होता. विहीर राखायची असते हे कुणाच्या ध्यानीच आले नव्हते. ज्यांनी ते सांगितले होते, त्यांच्याही. मी आत्याबाईंकडे पाहिले. त्यांनाही कळले होते. आता सांगून आबांना द्यायला दुसरी वाटी कुठून आणायची होती?

आबांनी उरलेली पेज घोटाघोटाने संपवली. मग पुटपुटले, "तू म्हंतीस मळई, तर मळई आसंल. म्हंजी मीच चुकलो." आणि हात पांघरुणाबाहेर काढून माझ्यापुढे पसरला. "आन ती वाटी इकडं."

मी रिकामी वाटी त्यांच्या हातात दिली. ते अंगठ्याने तिचा काठ घासू लागले, राखेशिवाय, पाण्याशिवाय. अंगठा थांबला तरी वाटी त्यांनी सोडली नव्हती.