चाकाखालचं लिंबू

“शोरूममध्ये तू बोलू नकोस,” असं मी बायकोला बजावलं होतं. ठरलेल्या किमतीवर ‘हँडलिंग चार्ज’ लागेल, हे सेल्समनने सांगितलं तेव्हा नव्या मोटरसायकलला हार घालून झाला होता, पुढच्या चाकाखाली लिंबूही ठेवलं होतं. आता नाही म्हणणं म्हणजे अपशकुन. मी निमूट कार्ड काढलं.

चामराजपेटेत, कानडी वस्तीत वाढलेल्या माझ्या बायकोने वाकून लिंबू उचललं आणि सेल्समनच्या हातात दिलं. “अण्णा, हे स्वल्प, जरा वेळ, फ्रिजमध्ये ठेवा. चार्ज काढलात की परत मांडू.”

सेल्समनला हसू आवरेना. मॅनेजरने चार्ज काढला.

लिंबू चिरडून आम्ही निघालो. आरशात मागे बसलेली ती दिसत होती. हिला मी वर्षानुवर्षं गप्प बसवत आलो होतो. सिग्नल हिरवा झाला तरी माझी नजर आरशातच होती.