ओरिजनल पाहिजे, भाऊ

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार सिंदेवाहीच्या कॅसेटवाल्या भाऊचे आहेत. आईवडिलांनी तलावात जाळं टाकून मला वाढवलं, पण इंग्रजी मला आलं ते भाऊच्या दुकानात.

नव्वदच्या दशकात कोरी कॅसेट नेऊन दिली की भाऊ हवी ती गाणी भरून द्यायचा. मला त्याने एका अमेरिकन रॅपरची कॅसेट भरून दिली. "हे गाणं होय का भांडण?" असं म्हणून हसायचा, पण दुकानातला टेप माझ्या हवाली करायचा. एक ओळ ऐकायची, थांबवायची, डिक्शनरी उघडायची. असं करत बारावीचं इंग्रजी निघालं आणि पुढे मी आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो.

टेप वाया जाऊ नये म्हणून भाऊ उरलेल्या जागेत दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, ढोलकी भरायचा. मला ती रॅपरचीच वाटली. चंद्रपूरच्या कॉलेजात मी अभिमानाने सांगितलं, "तो शेवटी ढोलकी वाजवतो." वर्ग महिनाभर हसत होता.

पुढे अहेरीला नोकरी लागली. तिथल्या आठवडी बाजारात त्याच रॅपरचा नवा अल्बम एका एमपीथ्री डिस्कवर मिळाला, दुसऱ्यांच्या शंभर गाण्यांत मिसळलेला. त्याचा आवाज आता संथ झाला होता. बढाया संपल्या होत्या. एका गाण्यात तो म्हणत होता, की ज्याच्या तालावर आपण मोठे झालो त्याचं नाव आपण कव्हरवर कधी छापलंच नाही. या वेळी छापलंय. माझ्या डिस्कला कव्हरच नव्हतं. गाण्यांची नावंही नव्हती, नुसते आकडे. ऑफिसात फाईल उघडली तरी तेच डोक्यात. शेवटी रजा टाकून सिंदेवाहीची बस धरली.

भाऊच्या दुकानातही आता कॅसेटींच्या जागी कॉम्प्युटर होता.

मी डिस्क पुढे केली. "भाऊ, याची ओरिजनल मागवून द्या."

"काऊन? खराब झाली असन तं दुसरी राइट करून देतो. पाच मिनिटाचं काम."

"नको, भाऊ. ती चोरी आहे."

दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एक म्हणालं, "साहेब झाला नं तो आता, भाऊ!"

भाऊ हसला नाही. "मंग तू बी.ए. कायच्यावर झाला बे? तवा तं नाई म्हटलं चोरी." आणि त्याने तोंड कॉम्प्युटरकडे फिरवलं.

परतीच्या बसमध्ये मला धड बसवेना. जे बोललो ते खोटं नव्हतं. पण ते बोलायचा हक्क सगळ्यांत कमी माझाच होता. आठ दिवस कागद फाडले. नवव्या दिवशी हे पत्र टाकलं:

"भाऊ, नमस्कार.

चार लोकांत तुम्हाला तसं बोललो, ते चुकलं. तुम्ही भरून दिलेल्या कॅसेटवरच मी शिकलो, हे त्या गिऱ्हाइकांसमोर सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेला सांगीन. तरी मला तो अल्बम ओरिजनलच पाहिजे. त्या माणसाने ज्याचं नाव छापलंय, ते मला वाचायचं आहे. चंद्रपुरात कदाचित मिळेल, पण मी तिथे विचारणार नाही. नागपूरच्या ज्या व्यापाऱ्याकडून तुम्ही भजनांच्या कॅसेटी आणायचे, त्याच्याकडून मागवा. कितीही दिवस लागू द्या. नाही म्हणायचं असेल तर तेवढं तरी लिहा.

तुमचाच."