मिलिंद आला की पुढचं

नंदू गेल्याचं सदाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले, "काहीतरी बरळू नकोस!" आदल्याच आठवड्यात नंदू भाट्याच्या पुलापाशी भेटला होता. स्कूटर थांबवून म्हणाला होता, "काय गो, मिलिंद गणपतीला येतोय म्हणे. एक दुपार मोकळी ठेव." आणि हा माणूस सकाळचा चहा पिता पिता गेला... हार्ट अटॅकने. महिना उलटला, तरी माझा राग काही जात नाही.

नंदू बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. वर्कशॉपच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी तो आम्हाला गोष्टीचा खेळ खेळवायचा. राक्षस, ड्रॅगन, जादूटोणा असल्या दुनियेतला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली ते फाशांनी ठरवायचं. मी जादूगारीण, सदा चोर, मिलिंद योद्धा. शाळेपासूनचे आम्ही चौघे. संसार झाले, केस पिकले, तरी खेळ सुटला नाही. सासूबाई म्हणायच्या, "एवढी घोडी झालीस, आणि राक्षस मारायला जातेस?" पण काय रंगवून सांगायचा मेला! ...बघा, हा शब्द आता तोंडातून काढवत नाही.

हा खेळ मूळचा परदेशी; त्याची जुनी पुस्तकं, नकाशे, फाटकी खोकी जमवायचं नंदूला वेड. मुंबईला स्पेअर पार्ट आणायला गेला की फुटपाथवरच्या रद्दीत डोकं घालून बसायचा. जहाजावर नोकरीला असलेला मामेभाऊ परदेशातून काहीबाही आणायचा. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून त्यांच्या कपाटात सतत बल्ब जळत असायचा. वैशाली, त्याची बायको, करवादायची, "आमचे कपडे कुबट वास मारतायत, आणि ह्यांच्या राक्षसांना ऊब!" तो नुसता हसायचा.

त्याचा एक नियम मात्र जीवघेणा. पटावर प्रत्येकाची एक लाकडी सोंगटी असायची; कोणी आलं नाही, तर त्याची आडवी करायची. म्हणजे तो झोपलाय. आणि झोपलेल्याला टाकून पुढे जायचं नाही. मिलिंदची मुंबईला बदली झाली, तेव्हा आम्ही एका गुहेच्या तळाशी, बंद दारापाशी पोचलो होतो. दाराआड कोणीतरी रडत होतं. तिथे मिलिंदची सोंगटी आडवी झाली ती झालीच. तो शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, पण पाहुणे, आरत्या, परतीचं तिकीट... खेळायला सवड म्हणून नाही. वर्षं गेली. आम्ही रविवारी जायचो, चहा प्यायचो, परत यायचो. मी एकदा भडकलेच, "अरे, झोपू दे त्याला, तू दार तरी उघड!"

"आणि तो जागा झाल्यावर काय सांगू?" नंदू म्हणाला, "तुझ्यावाचून आमचं काही अडलं नाही म्हणून?"

मी चहाचे कप उचलले.

तेराव्याला मिलिंद आला. जेवणं उरकल्यावर वैशालीच म्हणाली, "वर चला." पट तसाच मांडलेला, धूळ पुसलेला. ती आमच्याबरोबर बसली आणि म्हणाली, "आता तरी सांगा, दाराआड कोण होतं?"

आम्हाला वाटलं होतं, हिला ठाऊक असेल. नंदू कधी काही लिहून ठेवायचा नाही, सगळं त्याच्या डोक्यात.

"मला नाही सांगितलं हो त्यांनी. म्हणायचे, मिलिंद आला की तूही येऊन बस, सगळ्यांबरोबर ऐक."

मिलिंद हुंदके देऊन रडायला लागला. त्याला चार शब्द सुनावायचे असं मी ठरवून गेले होते, पण मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. थोड्या वेळाने डोळे पुसून त्याने आपली सोंगटी उभी केली. सवयीने आम्ही पटाकडे बघितलं, आज कोणाची आडवी करायची... पण आज नव्हता तो नंदू, आणि गोष्ट सांगणाऱ्याची सोंगटी नसतेच. नंदूच्या जोडीला सदाने आपली आडवी केली. मग मी माझी.

"माझी राहू दे," मिलिंद म्हणाला. "इतकी वर्षं तुम्ही थांबलात, आता मी थांबतो."

दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला. वैशाली पट पुसते तेव्हा त्याची सोंगटी उचलते, आणि पुन्हा उभी करून ठेवते.