जोड्यांच्या कपाटावरचा बुद्ध

‘मिनिमलिस्ट’ हा शब्द माझ्या भावाने आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा मी त्याला आलं घातलेला चहा दिला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लोणावळ्यात बाजाराच्या मागे एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. वडिलांनी रेल्वेतून निवृत्त होताना घेतलेला. ते गेल्यापासून तिथे आई आणि मी राहतो. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही आणि तोंडाने फटकळ आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींमुळे आहेत असं माझ्या भावजयीचं मत आहे. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर.

घराचं काम काढायला मी हो म्हटलं, हे आधीच कबूल करते. लोणावळ्यात जुलै काढलेल्या माणसाला कारण सांगावं लागणार नाही. भिंतींवर काळी बुरशी, कपड्यांना वास येऊ नये म्हणून कपाटात दिवसरात्र पेटता बल्ब, आणि हॉलभर बांधलेल्या दोऱ्यांवर चार-चार दिवस न वाळणाऱ्या साड्या. भावाने कोरड्या भिंतींचं आमिष दाखवलं आणि मी गळाला लागले.

त्याने एक डिझायनर आणला. तिशीतला, काळ्या शर्टातला, बोलणं अगदी मऊ. तो घरभर फिरला आणि एकेका वस्तूकडे बोट दाखवून “हे जाईल” म्हणत गेला. दोऱ्या जातील. डबे जातील. वडिलांची आरामखुर्ची जाईल. माणसं राहतील की नाही, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मग तो हॉलमधल्या लाकडी फळीपाशी थांबला. फळीवर आईची प्लास्टरची बुद्धमूर्ती आणि मेणबत्तीची वाटी, आणि वर भिंतीला निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या समाजातल्या कुठल्याही घरात गेलात तरी आधी दिसतो.

“इथे नजरेला फार गोंगाट होतोय,” तो म्हणाला.

आईने मला विचारलं, “काय म्हन्तोय ह्यो?”

“तुझी फळी गोंगाट करते म्हणतोय.”

“मी तर लय हळू म्हन्ते,” आई म्हणाली. ती सकाळ-संध्याकाळ पांढरी साडी नेसून त्या फळीसमोर वंदना म्हणते, त्याबद्दल ती बोलत होती.

आई इंदुरीकडची. घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ती लहान मुलगी होती. तिच्या वडिलांनी घरातले जुने देव टोपलीत घालून इंद्रायणीत सोडले आणि पुढे कित्येक दिवस ती सगळी माणसं रिकाम्या कोनाड्यासमोर हात जोडून बसायची, असं ती सांगते. त्यामुळे घर रिकामं कसं करतात हे आम्हाला कुणी काळ्या शर्टातल्याने शिकवायची गरज नव्हती. फक्त ते रिकामं करणं मान वर करून केलेलं होतं.

डिझायनर गेल्यावर मी भावाला धरलं. फळी आणि फोटो कुठे जाणार?

“आतल्या खोलीत, कपाटात नीट जागा करू. ताई, सुट्टीच्या दिवशी ऑफिसची माणसं इकडे येणार. उगाच विषय कशाला?”

“कसला विषय?”

“तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. आमच्या आडनावावरून काही कळत नाही आणि त्या न कळण्यावर त्याने सगळी नोकरी काढली आहे. मी त्याला चोर म्हटलं. स्वतःच्याच घरात लपून राहणारा चोर. त्यावर तो चिडला नाही, त्यामुळे मीच जास्त चिडले. तो एवढंच म्हणाला, “जेवणाच्या टेबलावर लोक काय काय बोलतात, ते तू ऐकलं नाहीस ताई.” ते खरं होतं. तरी माझा राग इंचभर हलला नाही.

काम चालू होतं ते तीन महिने आम्ही दोघी तळेगावला मावशीकडे राहिलो. परत आलो तर घराचा दवाखाना झालेला. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, कपाटांना मुठी नाहीत. दार उघडायला नेमकं कुठे दाबायचं ते आईला सापडेना, म्हणून तिच्या बुद्धाला भेटायलाही तिला मला हाक मारावी लागायची.

आणि दारात, जोड्यांच्या बुटक्या कपाटावर, सगळ्या घरातली एकमेव शोभेची वस्तू होती. बुद्धाचं डोकं. राखाडी, गुळगुळीत, मानेपाशी कापलेलं, दुकानातून आणलेलं.

आईने वाकून मानेखाली बघितलं. “ह्यांचं धड कुटं हाय?”

“आई, तसंच असतं ते,” भाऊ हसला. “हल्ली सगळेच ठेवतात.”

सगळेच ठेवतात म्हणून हा बुद्ध दारात चालत होता, आणि आमचा होता म्हणून आईचा कपाटात गेला होता. मी तोंडाला येईल ते बोलले. भावजय गॅलरीत निघून गेली. आई पिशव्या उचलून आत गेली आणि तिचाही मला राग आला.

पुढच्या रविवारी भावाच्या ऑफिसची सहा माणसं तिकोना किल्ला चढून संध्याकाळी घरी आली. भाऊ आईला म्हणाला, “तू आत आराम कर.” जोड्यांचा दारात ढीग पडला. कुणीतरी चिखलाने माखलेले बूट कपाटाच्या वरच ठेवले, त्या डोक्याच्या हनुवटीला टेकून. एकजण म्हणाला, “मस्त आहे हा बुद्धा. घर कसं पीसफुल वाटतं!” भाऊ हसला.

तेवढ्यात आई बाहेर आली. पांढरी साडी, हातात मेणबत्ती. ती सरळ दाराकडे गेली, जोड्यांच्या त्या ढिगात फरशीवर बसली, मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला लागली. या वेळी हळू म्हटली नाही.

एकाने मोबाइल वर धरला.

“आई रोज मेडिटेशन करते,” भाऊ म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “मेडिटेशन नाही, वंदना आहे ती. आम्ही बौद्ध आहोत.”

“अच्छा, छान,” त्यांच्यातली एक बाई म्हणाली. चांगली होती, आवाजात काही खोट नव्हती. “म्हणजे... आधीपासून?”

भावाची मान खाली गेली. एवढी वर्षं तो याच एका प्रश्नापासून पळत होता.

आईने वंदना पुरी केली, हात जोडले आणि बसल्या जागेवरून वळली. “आदी आमी गावाच्या भाईर ऱ्हात हुतो, बाई. आता आत हाय. तेवढं जोडं हितनं उचला.”

कुणी हलायच्या आत भाऊ वाकला आणि भराभर पाहुण्यांचे बूट गोळा करायला लागला. आईने त्याचं मनगट धरलं.

“तू न्हाई,” ती म्हणाली. “ज्याचं त्यानं उचलायचं.”

हातातला जोड खाली ठेवून भाऊ सरळ उभा राहिला. पाहुणे एकेक करून सोफ्यावरून उठले आणि मोज्यांवर चालत दारापाशी आले, आपापले बूट शोधायला.