शिपायाचा पाय

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आत्ता पेन उचलतानाही दोनदा चहा करून आलो.

मारेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. रक्तद्रव, लोहित कणिका, श्वेत कणिका, रक्तपट्टिका, हे पोरांकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं की संपलं आमचं शिकवणं. लसीकेच्या, म्हणजे लिम्फच्या, पानावर मी एक ओळ वाचून पुढे सरकायचो. त्यापुढचं मलाच ठाऊक नव्हतं.

एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका तोच धडा काढायला सांगितला. लसीकासंस्थेचा तक्ता वाळवीनं खाल्लेला. मग मी हुशारी केली. शाळेच्या शिपायाला, बापूला, वर्गात बोलावलं. त्याच्या डाव्या पायाला हत्तीरोग होता. तो कायम ढगळ पायजमा घालायचा.

"पायजमा वर घे."

तो दाराशीच थांबला. हळूच म्हणाला, "सर, माही पोरगी बसेल हाये ना आतमंदी."

"विज्ञानात लाज कायची रे?"

त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला. लसीकावाहिन्या अडल्या की द्रव इथं साचतो, असं म्हणत मी त्या पायावर लाकडी पट्टी टेकवली. साहेबांनी नंदीबैलासारखी मान हलवली आणि उत्तम शैक्षणिक साहित्य असा शेरा लिहिला. तो शेरा आणि माझा आनंद, दोन्ही एकाच लायकीचे. मागच्या बाकावरून कोणीतरी "हत्ती" म्हणालं. त्याची मुलगी वहीत बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

त्या दिवशी घंटा झाल्यावर बापूनं विचारलं, "सर, तुमाले एवढं मालूम हाये, तं सांगा ना, सूज उतरवाले काय करू?"

"डॉक्टरले विचार," मी म्हणालो.

पाय रोज साबणानं धुवावा, कोरडा करावा, बसताना उंचावर ठेवावा. हे शाळेसमोरच्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. निवृत्तीनंतर तिथं रक्तदाब मोजायला गेलो, तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं.

यंदा दिवाळीनंतर त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता, पाय उशीवर.

"या सर. काहून तरास घेतला?"

"सहज आलतो. कापूस कसा हाये यंदा?"

चहा प्यालो, उठलो. तो पाय ओढत फाट्यापर्यंत सोडायला आला. येताना एसटीत घोकलेलं आणि तोंडातच राहिलेलं वाक्य एवढंच होतं: चुकलो मी, बापू. तुह्या पोरीसमोर तुले उघडं केलं, मले माफ कर.