आईच्या पदरातल्या सात कुयऱ्या

नवऱ्यापासून मी आयुष्यात दोन गोष्टी लपवल्या. एक म्हणजे त्याच्या आईचा पितळी डबा मी भांडीवालीला देऊन टाकला होता — ते त्याला पुढे कळलं, दोन दिवस धुसफुसला आणि विसरला. दुसरी ही. ही त्याला ठाऊक नाही, लेकीला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

ती, म्हणजे माझी अक्का. सख्खी थोरली बहीण. आणि गोष्ट आहे आमच्या आईच्या साडीची, जी माझ्या एका खोट्यापायी तुकडे तुकडे होऊन गेली. कात्री अक्कानं चालवली, स्वतःच्या हातानं. पण — थांबा, नीट सांगते.

आम्ही बेंगळूरचेच. किती पिढ्यांचे, ते वडिलांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही थोडंला ‘स्वल्प’ आणि बरंला ‘सरी’ असं कन्नड इतकं मिसळलेलं की पुण्याचे पाहुणे आले की आमच्या तोंडाकडे बघत बसायचे. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची आणि अक्का अठरा. तिनं शिवणयंत्र धरलं, गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले, मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. स्वतः केलं नाही. का नाही केलंस, असं तिला मी कधी विचारलं नाही. विचारून काय ऐकणार होते? वडील गेल्यावर चामराजपेटेतलं भाड्याचं घर सोडून ती आमच्याकडे जे. पी. नगरला राहायला आली. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

मी तेव्हा भेटकार्डं करायची. हल्ली कोण पाठवतं म्हणा, पण तेव्हा दिवाळीला, नव्या वर्षाला, पोरं परदेशी गेली की त्यांच्या वाढदिवसाला, कार्ड पाठवायचंच. मी हातकागद आणायची. रेशमाचे कोष कापून त्यांच्या पाकळ्या करायची, चहाच्या पाण्यात रंगवायची, वहीत वाळवलेली पानं, जरीचा दोरा, जुन्या पत्रांवरची अक्षरं असं काय काय जोडून चित्र बसवायची. काम माझं नेटकं. फारच नेटकं. एखादी कड सूतभर वाकडी दिसली तर मला मेलं जेवण गोड लागायचं नाही.

अक्का शेजारी बसून बघायची. एक दिवस म्हणाली, मीही करू का स्वल्प? मी म्हटलं, कर की.

कापडाला तिचा हात असा की डोळे मिटून कापलं तरी बाही बरोबर बसेल. कागदाला मात्र तो हात चालेना. ब्लाऊज शिवताना कडेला अर्धं बोट माया सोडतात ना, आत दुमडून शिवायला? ती सवय जाईचना. कागदालाही ती माया सोडायची, मग ती जादा कड आत दुमडायची आणि वरून खळ फासायची. खळ मैद्याची, घरी शिजवलेली, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. बाजारचा गोंद तिला नको असायचा. उद्या कुणाला तुकडा सोडवून घ्यावासा वाटला तर खळ पाण्यानं सुटते, गोंद जन्मात सुटत नाही, असं तिचं म्हणणं. कार्डं वाळली की फुगायची. उशीसारखी. आणि प्रत्येकाच्या मधोमध एक रेशमी तुकडा — आईच्या लग्नातल्या साडीचा.

धर्मावरमची साडी, जांभळाच्या रंगाची, केशरी काठाची. पदरात जरीच्या सात कुयऱ्या, एका ओळीत. जुनं रेशीम घडीवर चिरतं, तशी ती चिरली होती. नेसण्याजोगी राहिली नव्हती. अक्का म्हणाली, पेटीत पडून भुगा होण्यापेक्षा आई चार घरी जाईल, लोक तिला कपाटावर मांडतील. आधी काठाचेच तुकडे घेतले तिनं. पदर नलूचा, म्हणाली. नलू म्हणजे मी.

तर पहिलं प्रदर्शन. आपल्या लोकांच्या सभागृहात दिवाळीआधी बायका मांडायच्या — फराळ, पणत्या, पिशव्या, तसं माझं कार्डांचं टेबल. अक्काची बारा कार्डंही मी मांडली, कडेला. ती स्वतः आली नाही. माझी लेक लहान, तिच्यापाशी कुणीतरी हवं; शिवाय करणारी समोर असली की लोक भिडेखातर घेतात, म्हणाली. सकाळीच एक बाई आली, कानात हिऱ्याच्या कुड्या, बोलणं सगळं इंग्रजीतून. तिनं अक्काचं कार्ड दोन बोटांनी उचललं, हसली, आणि विचारलं, हे कुणी केलं?

मी म्हटलं, शेजारच्या शाळकरी मुलीनं.

बघा, एवढंच. कुणी माझा हात पिरगळला नव्हता. ती बाई काही वाईटही बोलली नव्हती. ती पुढे गेली आणि मी ती बाराही कार्डं उचलून टेबलाखाली, चादरीच्या आड सारली. संध्याकाळी घरी आले तर अक्का दारातच उभी. गेली का गं? मी म्हटलं, गेली. सगळी? सगळी.

ती जी हसली ना! पैसे तिला नकोच होते, देवळाच्या पेटीत टाक म्हणाली. तिला माणसं हवी होती. कुणी नेली? दिसायला कशी होती? काय म्हणाली? आता काय सांगायचं? मी सांगत सुटले. एक मल्लेश्वरमचे आजोबा सांगितले, एक नवी नवरी सांगितली, आणि एक व्हाइटफील्डची अँग्लो-इंडियन बाई सांगितली — म्हातारी, फुलाफुलांचा झगा, मोठ्या बागेचा बंगला, एकटी राहते. ही बाई अक्काला फार आवडली. पुढे भाजी निवडता निवडता मध्येच विचारायची, तिचे गुडघे कसे असतील गं आता? तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय बिघडलं? बहिणीला बरं वाटावं म्हणून केलं. मीही माझ्या मनाला तेच सांगायची. पण दर प्रदर्शनाला अक्का नवी कार्डं करायची, दर वेळी मी ती टेबलाखाली सारायची, आणि घरी पेटीतली साडी कमी होत जायची.

काठ संपला. मग अंगाचं कापड. मग एक दिवस तिनं पदराला कात्री लावली. व्हाइटफील्डच्या बाईसाठी, खास, एका कार्डावर एक कुयरी. मी म्हटलं, पदर राहू दे ना अक्का. म्हटलं हो मी, अगदीच गप्प बसले नाही. पण कसं म्हटलं? चहात साखर नको म्हणतात तसं. ती म्हणाली, जिला कळतं तिच्याकडे जाऊ दे, तुझ्यासाठी सहा आहेत की. तिचा हात धरायचा तर आधी खरं सांगावं लागलं असतं. मी नाही धरला.

इथपर्यंत मी भित्री होते, असं म्हणता येईल. पुढचं ऐका.

ते कुयरीचं कार्डही मी आधीच्या कार्डांसारखंच लपवून घरी परत आणलं आणि कपाटावर टाकलं. आठवड्यानं काढून पाहिलं. ते ओबडधोबड कार्ड, आणि त्यावर ती कुयरी — जुन्या जरीचा असा मंद रंग कुठे विकत मिळत नाही. दुपारी अक्का देवळात भजनाला गेली होती. मी ओलं फडकं त्यावर ठेवलं. अर्ध्या तासात खळ सुटली, कुयरी अलगद हातात आली. अक्काचा कागद मी बंबात घातला. कुयरी माझ्या हातकागदावर बसवली, भोवती कोषांच्या पाकळ्या, वर सोन्याच्या रंगाचा एकच दोरा. पुढच्या प्रदर्शनापर्यंत ते कार्ड अक्कापासून लपवून ठेवलं, आणि तिथं ते पहिल्या तासात गेलं. हातात जादू आहे तुमच्या, असं लोक म्हणाले. एका मोठ्या दुकानानं मागणी केली. आणि मला — काय लपवायचं आता — मला फार आनंद झाला.

त्यानंतर अक्का जेव्हा म्हणायची की या खेपेलाही त्या बाईसाठी एक कुयरी काढते, तेव्हा मी पदर राहू दे म्हणाले नाही. उलट एकदा मीच आठवण केली, ती बाई विचारत होती म्हणून. माझ्या वाट्याच्या सहा होत्या ना? त्याही अशाच गेल्या. तुला आईची दुसरी काहीतरी वस्तू देऊ, असं ती म्हणायची आणि कात्री लावायची. साडेतीन-चार वर्षांत पदर संपला. पेटीत साडी गुंडाळायचं चुरगळलेलं फडकं तेवढं उरलं.

मी चाळीस वर्षांची व्हायच्या आधी एक प्रदर्शन आलं. निघताना अक्कानं बंद पाकीट हातात दिलं. व्हाइटफील्डच्या बाईला दे, कन्नडमध्ये आहे, कुणाकडून तरी वाचून घे म्हणावं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मी पाकीट उघडलं. तिचं ते शाळेतलं गोल अक्षर. जे होतं ते मराठीत सांगते.

“बाई, तुमच्यापाशी माझ्या आईच्या पदराच्या सात कुयऱ्या आहेत. त्यातली एक परत द्याल का? खळीनं लावली आहे, ओलं फडकं ठेवलं की सुटेल. बदल्यात सांगाल तितकी कार्डं करून देईन. माझी धाकटी बहीण आता चाळीस वर्षांची होते आहे. तिला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. तिच्यासाठी एक तरी ठेवायची, हे मला सुचलं नाही. चूक माझीच आहे.”

सातवी कुयरी त्या वेळी माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. माझ्या नव्या कार्डावर, बाजारच्या गोंदानं पक्की बसवलेली. कार्ड फाडून ती काढता आली असती. जरा फाटली असती, एवढंच. त्या बाईनं परत दिली म्हणून अक्काच्या हातात ठेवली असती, तर ते खोटं तरी बरं झालं असतं, नाही का? पण मला वाटलं, मग अक्का तिला भेटायचं म्हणेल. आणि दुसरंही वाटलं — की हे कार्ड आजवरचं माझं सगळ्यात चांगलं कार्ड आहे. टेबलावर मधोमध मी ते उभं केलं. दुपारपर्यंत गेलं. कुणी नेलं, तो चेहरा मला आठवत नाही. खऱ्या गिऱ्हाइकांचे चेहरे मी कधी लक्षातच ठेवले नाहीत.

घरी आल्यावर अक्काला सांगितलं, ती बाई ऑस्ट्रेलियाला गेली, मुलाकडे, कायमची. व्हाइटफील्डची बरीच माणसं तेव्हा तशी गेलीच होती, त्यामुळे तिला शंका आली नाही. सरी, एवढंच म्हणाली आणि आत जाऊन भात लावला. त्यानंतर तिनं कार्डं केली नाहीत.

वाढदिवसाला तिनं मला पाटावर बसवून ओवाळलं. वाटीत शेवयांची खीर. निरांजन खाली ठेवलं आणि माझ्या समोर बसली.

“नलू, तुझा वाटा मी परक्या लोकांना देऊन टाकला गं. मला माफ करशील?”

मी खीर खात होते. घास गिळला आणि म्हटलं, “असू दे अक्का. केलं माफ.”

नंतर अकरा वर्षं ती होती. दर वाढदिवसाला, ओवाळून झालं की ती तेच विचारायची आणि मी तेच म्हणायची. माझ्या मनाचा मोठेपणा ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, मी ऐकायची. शेवटच्या वर्षी तिची वाचा गेली होती. मी पलंगाशी बसले तर तिनं माझं मनगट धरलं आणि नुसती बघत राहिली. काय विचारते आहे ते मला कळलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवून सांगितलं, केलं माफ. तिला बरं वाटलं.