नायक पूर्णेत उतरतो

माझी पहिली प्रेमकथा छापून यावी म्हणून मी माझ्या नवऱ्याला पूर्णा नदीत उतरवलं. (हातानं ढकललं नाही, पण सासूबाई शेवटपर्यंत तसंच सांगत.)

आम्ही अकोटचे. हे सरकी काढायच्या जिनात कापसाच्या वजनकाट्यावर होते, आणि मी दुपारी भांडी आवरली की कादंबरी लिहीत असे. माझे नायक घोडे दौडवत, दरोडेखोरांशी लढत, नायिकेसाठी कड्यावरून उड्या मारत. मी स्वतः मूर्तिजापूरच्या पलीकडे गेले नव्हते! हे रोज जेवताना एक प्रकरण ऐकत आणि शेवटी एवढंच विचारत, "मंग? वाचला का तो?"

नवे पैसे नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या प्रकाशकांनी माझी वही परत पाठवली. सोबत चिठ्ठी : "बाई, तुमचा नायक नदी पोहून येतो आणि काठावर पाय ठेवताच दीड पान प्रेमाचं भाषण करतो. आपण नदी कधी पाहिली आहे काय? हे प्रकरण बदलाल तर पुस्तक काढू."

मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "काहून रडून राहिली? मी पोहून दाखवतो. तू काठावर बसून पाह्य अन् लिहून घे."

"तुमाले पोहता येते?"

"नांदगावले लहानपनी रोज विहिरीत पोहत होतो ना!"

विहीर वाहत नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी एसटीनं पूर्णेवर गेलो. सासूबाई शिदोरी घेऊन सोबत. सातआठ पुरुष आंघोळीला उतरलेले होते. यांनी धोतर खोचलं, मला हात केला आणि पाण्यात शिरले. "नायक रुबाबात निघाला," असं लिहून मी मान वर करते तर काय, नायक आडवा चाललेला, धारेबरोबर!

"डोंगा घ्या कोनी! बुडून राहिले ना!" मी ओरडले.

"कोनता व बाई?" डोंगेवाला भोई म्हणाला. "समदेच तर पान्यात हायत! नाव सांग, हाक मारतो!"

नाव! नवऱ्याचं नाव मी जन्मात असं नुसतं उच्चारलं नव्हतं. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांची पंचाईत माझ्याहून मोठी. मुलाला त्यांच्या सासऱ्यांचंच नाव ठेवलेलं! त्या आपल्या बाळ्या म्हणत. त्यांनी "बाळ्याऽऽ" अशी आरोळी ठोकली, तर चौघांनी वळून पाहिलं. मी "अहोऽऽ" म्हटलं, तर उरलेल्यांनी!

"नाव घे ना व माय! पोरगं चाललं माहं!" सासूबाई छाती बडवू लागल्या.

आता आमच्याकडे नाव घ्यायचं तर ते उखाण्यात. मी डोक्यावर पदर घेतला (खरंच घेतला!) आणि काठावरून खणखणीत आवाजात सुरू केलं, "काळ्या वावरात फुटली पांढरी कपाशी..."

"अवो, नाव!" भोई किंचाळला.

"...गोविंदराव घरी येईस्तोवर मी राहते उपाशी!"

पहिल्या ओळीला हे काठावरच्या बाभळीपर्यंत पोचले होते, दुसरीला दिसेनासे झाले. भोयानं हाका मारत डोंगा हाणला आणि केसांना धरून यांना बाहेर काढलं. पालथं घातलं, पाणी ओकून झालं, तेव्हा हे पहिलं वाक्य बोलले, "लिहून घे... भाषन करता येत नाही. दम लागते."

मी प्रकरण बदललं. नायक काठावर येऊन ओकतो, नायिका त्याची पाठ चोळते, बस्स! प्रकाशकांनी पुस्तक घेतलं. "आता पाणी ओलं लागतं," असं कळवलं.

यांचा खोकला मात्र त्या दिवसापासून गेला नाही. शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, नदीचा दोष नाही, जिनातली रुई वर्षानुवर्षं छातीत बसली आहे. मी ते मानलं नाही. आजही मानत नाही. हे खाटेवरून रोज सकाळी विचारत, "पुस्तक आलं का व?"

"बांधनी चालू हाय म्हनतात."

"एकडाव हातात घेऊन पाहीन म्हनतो."

त्यांना तेवढंच हवं होतं, आणि मलाही दुसरं काही नको होतं. पुस्तक आलं, कोरं करकरीत, पण नऊ दिवस उशिरा.

त्याच्या नऊ दिवस आधीच्या त्या सकाळी त्यांनी पुस्तकाचं विचारलंच नाही. मी खांदा हलवला. मग पदर नाही, कपाशी नाही, पहिली ओळ नाही; आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सरळ नावानं हाक मारली, "गोविंदराव! गोविंदराव!" प्रेमाची शेकडो पानं लिहिलेल्या बाईला एवढं एक सुचायला इतकी वर्षं लागली, आणि "काय व माय?" म्हणून उठून बसले ते शेजारच्या खाटेवरचे भलतेच गोविंदराव!